मस्तानी आपली, मग समशेर कुणाचा?

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली आली. पन्नास वर्षे उलटून गेली तरी आपल्या वाचकांचे तिच्याविषयी एकमत झालेले नाही. कोल्हापुरात चार मुस्लिम वाचकांसमोर या कादंबरीचे नाव काढा, तीन मते हमखास ऐकायला मिळतात. पहिले मत कृतज्ञतेचे. कलावंतीण, नाटकशाळा म्हणून हिणवलेल्या मस्तानीला इनामदारांनी माणूस केले, न्याय दिला. दुसरे मत नाराजीचे. मुस्लिम स्त्री मराठी कादंबरीत येते ती पेशव्याच्या प्रेमापुरती, शोभेला. तिचे स्वतःचे जगणे कुठे आहे? तिसरे मत तुच्छतेचे. कादंबरी म्हणजे बनावट, खरा इतिहास वाचा!

या तिन्ही मतांशी माझे भांडण आहे.

आधी तिसऱ्याचा निकाल लावू. खरा इतिहास वाचा म्हणणे सोपे आहे, पण मस्तानीचा इतिहास आहे किती? १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने छत्रसालाला कोंडीत पकडले, बाजीराव मदतीला धावून गेला आणि त्यानंतर ती पुण्याच्या कागदपत्रांत दिसू लागते. कुणी तिला छत्रसालाची मुलगी म्हणतो, कुणी त्याच्या दरबारची नर्तिका, कुणी तिचा संबंध निजामाशी जोडतो. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. पुढे पेशव्यांच्याच माणसांनी तिला नजरकैदेत टाकले. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला आणि त्यानंतर लवकरच तीही गेली. कशी गेली याचा खात्रीचा पुरावा नाही. पाबळला तिची कबर आहे, एवढे नक्की. तिच्या स्वतःच्या शब्दांचे काय? कागद बोलायचे थांबतात तिथेच कादंबरीकाराचे काम सुरू होते. म्हणून ‘राऊ’ला खोटी म्हणून बाजूला सारणाऱ्याने मस्तानीविषयी बोलूच नये, कारण मग बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

आता कृतज्ञ वाचकांकडे वळू. मस्तानीला घरात घेतले नाही म्हणून पेशव्यांच्या घराला आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाला आपण नावे ठेवतो, हे योग्यच आहे. पण आज आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाने परधर्माची मुलगी आणली, तर तिला नाव न बदलता आपण सून म्हणून घरात घेऊ काय? आपल्या मुलीने असे केले तर? तेव्हा आपल्याही घरात राधाबाई आणि चिमाजीआप्पा उभे राहतात. शिवाय ‘मस्तानी आपली’ हा दावा तरी किती पक्का? तिच्या जन्माच्या एका परंपरेनुसार ती ज्याची मुलगी, तो छत्रसाल प्राणनाथांच्या प्रणामी पंथाचा, आणि त्या पंथाने कुराण व वेद एकाच बैठकीत वाचले. अशा स्त्रीला आज आपण एका रकान्यात बसवतो आहोत. तिच्या काळच्या पुण्यानेही तिला एका रकान्यातच बसवले होते.

नाराजी मात्र मला मानावी लागते. मराठी ऐतिहासिक कादंबरीने मुसलमानाला दोनच खोल्या दिल्या, एक शत्रूची आणि दुसरी प्रेयसीची. तोफखान्यातला गोलंदाज, दफ्तरातला मुनशी, घोड्यांना नाल ठोकणारा, तंबू शिवणारा, असा मराठ्यांच्या राज्यात पोट भरणारा मुसलमान तिच्यात क्वचितच दिसतो. आणि आपला कोल्हापूर जिल्हा तर या कादंबरीचे माहेरघर! रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, विश्वास पाटील नेर्ल्याचे.

पण नाराजांनीही पुढची पाने उलटावीत. पाटलांच्या ‘पानिपत’मध्ये इब्राहिमखान गारदी आहे. ‘राऊ’ लिहिणाऱ्या इनामदारांनीच औरंगजेबाला मध्यभागी ठेवून ‘शहेनशहा’ लिहिली आणि त्याला राक्षस न करता माणूस म्हणून पाहिले. ‘मराठी लेखक आपला द्वेष करतात’ असे छातीठोक सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘शहेनशहा’ वाचली आहे? न वाचता रागावणे हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

हा वाद मी कशासाठी उकरून काढतो आहे, असे कुणी विचारील. घरी बसून पुस्तकांवर गप्पा मारण्याचे दिवस राहिले नाहीत म्हणून. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक आणि लाठीमार झाला. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशीद आणि घरे फोडली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सावंतांच्या ‘छावा’वरचा चित्रपट आला, औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला आणि मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली. सगळा दोष पुस्तकाचा किंवा पडद्याचा नाही, राजकारणाचा वाटा मोठा आहे. पण कादंबरी पडद्यावर जाते, पडद्यावरचे इतिहास ठरते आणि तो इतिहास रस्त्यावर उतरतो, ही वाट आपण उघड्या डोळ्यांनी पाहिली.

अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘छावा’ ही कादंबरी आहे, तिला इतिहास समजू नका. बरोबर. पण मग ‘राऊ’ला इतिहास का समजता? २०१५ मध्ये ‘राऊ’वरून ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट निघाला, तेव्हा पुण्यात काशीबाईंच्या नाचण्यावरून निषेध झाले. ‘सिनेमा आहे, एवढे काय मनावर घ्यायचे’ असे आपल्यातले कितीतरी जण हसत म्हणाले. जे सुखावते ते सत्य आणि जे बोचते ते कल्पित, असे दोन तराजू आपण वापरणार असू, तर समोरच्याला एका तराजूचा आग्रह कोणत्या तोंडाने करणार? ज्या मापाने ‘छावा’ तोलायची, त्याच मापाने ‘राऊ’ तोलली पाहिजे. हे माप हातात असेल तरच आपल्या तक्रारीला वजन येईल.

आणि आता खरी तक्रार. ‘राऊ’ची प्रेमकथा बाजीराव आणि मस्तानीबरोबर संपते. आपली कथा तिथे सुरू होते. त्यांचा मुलगा कृष्णराव. त्याची मुंज लावायला ब्राह्मण तयार झाले नाहीत आणि तो समशेर बहादूर म्हणून वाढला. ज्या घराने त्याच्या आईला कोंडले, त्याच घरासाठी तो १७६१ मध्ये पानिपतावर लढला, जखमी झाला आणि त्या जखमांनी सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याचा मुलगा अलीबहादर बुंदेलखंडात गेला, बांद्याचे नवाब याच वंशातले. १८५७ मध्ये त्यांच्यातलाच दुसरा अलीबहादर इंग्रजांविरुद्ध उठला. मुंजीला नाकारलेला आणि युद्धाला चाललेला हा समशेर कुणाचा? ‘मस्तानी आपली’ म्हणणाऱ्यांना त्याची आठवण का होत नाही? त्याच्यात ना सौंदर्य ना शृंगार, म्हणून?

इनामदारांनी मस्तानी लिहिली, कारण ती त्यांना दिसली. समशेर आपल्याला दिसायला हवा, कारण मराठी मातीत मुसलमान म्हणून वाढणे म्हणजे काय, हे आपण जगून जाणतो. मराठी आपल्याला कुणी उसनी दिलेली नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये याच कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे केले, कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी पैसा दिला. त्या भाषेत आपण शंभर वर्षे शिकलो. आता तिच्यात मोठी ऐतिहासिक कादंबरी लिहिण्याची ऐपत आपल्यात नाही, असे कोण म्हणेल?

तोवर ‘राऊ’ पुन्हा वाचा. आभार मानत नको, रुसूनही नको. पेन्सिल हातात घेऊन वाचा, पटेल तिथे खूण करा, खटकेल तिथेही करा. आणि शेवटचे पान मिटल्यावर पुढची कादंबरी कुणी लिहायची, ते एकदा आपसांत ठरवा.