परवानगीची यादी

आंतरजालावरील निर्बंधांची चर्चा सहसा ‘कशावर बंदी घातली’ याच प्रश्नाभोवती फिरते. आम्हांला दुसरा प्रश्न अधिक गंभीर वाटतो: परवानगी कशाला दिली?

ऑगस्ट २०१९च्या प्रारंभी जम्मू-काश्मीरमधील संपर्कसेवा बंद करण्यात आल्या. पुढे १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आंतरजालावरील अभिव्यक्तीला घटनेच्या १९व्या कलमाचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर काही दिवसांतच आंतरजाल परतले, पण टू-जीच्या संथ गतीने आणि एका यादीसह. यादीत आधी १५३ व आठवड्याभरात ३०१ संकेतस्थळे होती. तेवढीच पाहायची, बाकी सारे बंद.

साहित्याच्या वाचकाने याची चिंता का करावी, असे कोणी विचारील. बंदीच्या यादीत स्वातंत्र्य गृहीत असते. प्रत्येक अपवादाचे समर्थन सरकारला करावे लागते. परवानगीच्या यादीत बंदीच गृहीत असते आणि वगळलेल्याविषयी कारण देण्याची गरजच उरत नाही. उद्या निघणारे अनियतकालिक किंवा एखाद्या अनामिक कवीची पहिली कविता अशा यादीत कधीच असू शकत नाही, कारण यादी करणाऱ्याला ती ठाऊकच नसते. शिवाय एकाच पानावरील मजकूर, चित्रे आणि अक्षरवळणे अनेक ठिकाणांहून येतात. ती ठिकाणे यादीबाहेर राहिली की परवानगी मिळालेले पानही अर्धवटच उघडते.

सुरक्षेची चिंता खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात २०१८ साली पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. पण अफवा खोडून काढणारी बातमीही त्याच मार्गाने येते, आणि फोर-जी सर्वत्र पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडावा, याचे समर्थन एखाद्या अफवेने होत नाही.

निर्बंधांना वळसा घालणारी साधने आहेत. २०२२च्या आंदोलनात इराणमधील अनेकांनी ‘टॉर’च्या ‘स्नोफ्लेक’चा आधार घेतला. त्यात दूरदेशीचे स्वयंसेवक आपल्या न्याहाळकातून स्वतःची जोडणी इतरांना वापरू देतात. हे साहाय्य मोलाचे खरे. पण जोडणीच तोडली गेली की तेही निरुपयोगी ठरते. तेथे उपाय कायद्यातच शोधावा लागतो.

बंदीचा एक आदेश १५ दिवसांहून अधिक चालू नये, अशी तरतूद नोव्हेंबर २०२०मध्ये आपल्या नियमांत आली. मात्र सोळाव्या दिवशी नवा आदेश काढता येतोच. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, मुदतवाढीपूर्वी सरकारने तिची गरज न्यायालयापुढे सिद्ध करावी आणि परवानगीची यादी हा प्रकारच कायद्याने अमान्य ठरावा. काय वाचावे हे वाचकाने ठरवायचे असते. तो अधिकार गृहखात्याच्या टेबलावर ठेवायला आम्ही तयार नाही.