विश्लेषण : छत्री, हेल्मेट की कोयता? बचावाला काय पुरते?

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत जानेवारी 2017 मध्ये एका आयटी कंपनीत रविवारी कामावर आलेल्या तरुणीचा खून झाला. गळा आवळला होता संगणकाच्या केबलने आणि अटक झाली ती सुरक्षारक्षकाला. ‘हाताला लागेल ती वस्तू तुमचे शस्त्र’ हे शिबिरांतले आवडते वाक्य इथे अडखळते. वस्तू हल्लेखोराच्याही हाताला लागते. म्हणून तिचा उपयोग एवढाच : दोन-चार सेकंद मिळवायचे आणि पळायचे.

कोणती वस्तू, कशी?

बोटांच्या फटींत किल्ल्या धरून ठोसा मारण्याचा सल्ला मोबाइलवर सर्वाधिक फिरतो. तो बाद करावा. ठोसा बसताच किल्ली फिरते आणि आपलीच बोटे सोलून निघतात. मिरचीपूडही बेभरवशाची, वारा उलटा असला की ती आपल्याच डोळ्यांत.

छत्री मात्र मुळशीत पावसाळाभर हातात असतेच. लाठीसारखी फिरवली तर समोरचा ती सहज पकडतो. मिटून, दोन्ही हातांनी घट्ट धरून टोक त्याच्या पोटाकडे रेटले तर अंतर राखता येते. (पर्समध्ये मावणारी तीन घड्यांची छत्री यात कुचकामी.) हेल्मेट किंवा सॅक छातीपुढे ढालीसारखी धरावी. हिसकावणाऱ्याला सॅकच हवी असेल तर देऊन टाकावी. लॅपटॉप पुन्हा घेता येतो.

रिकामे हात

मनगट पकडले गेले तर अंगठा आणि बोटे जिथे जुळतात, तिकडे झटका द्यावा. पकड तिथेच सर्वात ढिली असते. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने नाकावर, गुडघ्याने जांघेत. आणि ओरडणे, पोटातून. पण 8 मार्चच्या तासाभराच्या कार्यशाळेने हे अंगवळणी पडत नाही. भीतीने अंग गोठते तेव्हा सरावाचाच हात उठतो. पौड-पिरंगुटच्या शाळांत खेळाच्या तासाला हे का असू नये? शिवाय 112 हा क्रमांक पाठ हवा. पॉवरचे बटण लागोपाठ दाबून आपत्कालीन कॉल लागतो का, हे आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये आजच पाहावे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. कलम 37 नुसार इजा मात्र बचावापुरतीच. पळू लागलेल्याला पाठलाग करून मारले तर तो बचाव नव्हे. भातखाचरात कोयता अवजार असतो. ‘सोबत असू दे’ म्हणून तो रात्री दुचाकीच्या डिकीत ठेवला आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याखालचे मनाई आदेश लागू असले, तर पोलीस बाळगणाऱ्यावरच गुन्हा नोंदवू शकतात.

काही ठिकाणी मिरचीचा स्प्रे वाटून सुरक्षेचा विषय संपवला जातो. ही पळवाट आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार महिलांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर त्यांची संमती लागते, आणि पुरेशा संरक्षणासह घराच्या दारापर्यंत वाहन देणे ही मालकाची जबाबदारी आहे.