विषाची परीक्षा शिवारातच व्हावी

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे कार्य बंद पाडतात. रक्तातील या विकराची क्रियाशीलता घटल्याचे वेळीच कळले, तर मजुराला फवारणीपासून दूर ठेवता येते. मात्र ही तपासणी मुख्यतः प्रयोगशाळेवरच अवलंबून आहे.

हेच विकर कीटकनाशकांचा माग काढणाऱ्या जैवसंवेदकाचा गाभा ठरू शकते. अडचण अशी, की विकर नाजूक असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या विदर्भात ते शीतपेटीबाहेर टिकविणे कठीण. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड झेअर यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने यावर एक वाट दाखविली. प्रथिन आणि तांब्याचा क्षार फॉस्फेटयुक्त द्रावणात मिसळून सुमारे तीन दिवस साध्या तापमानात ठेवल्यास फुलाच्या आकाराचे सूक्ष्म कण तयार होतात. खनिजाच्या पाकळ्यांत बसलेले विकर अधिक स्थिर राहते. लॅकेज या विकराची कार्यक्षमता तर मोकळ्या स्थितीपेक्षा कितीतरी पटींनी वाढल्याचे आढळले. पुढे कोलिनेस्टरेज गटातील विकरावरही असे प्रयोग झाले.

नागपूरला हा विषय परका नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याच सुमारास अवैध बियाण्यांचाही सुळसुळाट झाला. तेव्हा येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी प्रथिन ओळखणारी तपासणी पट्टी विकसित केली. अशा पट्ट्यांत सहसा सोन्याच्या सूक्ष्म कणांवर प्रतिपिंडे बसविलेली असतात. म्हणजे जैवरेणू आणि धातू यांचाच हा संयोग. पानाच्या रसात पट्टी बुडविली, की रेघ उमटते आणि निकाल शेतकऱ्याला स्वतः वाचता येतो.

विषबाधेची तपासणी मात्र इतकी सोपी नाही. कोलिनेस्टरेजची मूळ पातळी माणसागणिक वेगळी असते. त्यामुळे हंगामापूर्वी एकदा आणि फवारणीच्या काळात पुन्हा, अशी नोंद ठेवावी लागेल. साहजिकच पट्टी केवळ अचूक असून भागणार नाही. ती रोजंदारीवरील मजुराकरिता वारंवार वापरता येईल इतकी स्वस्तही हवी. शिवाय ती हातमोजे व मुखवट्याला पर्याय ठरू शकत नाही.

कापूस संशोधन संस्था आणि पाण्याच्या तपासणीचा दीर्घ अनुभव असलेली नीरी या दोन्ही राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहेत. त्यांच्या ज्ञानाला वैद्यकीय महाविद्यालयांची जोड मिळाली, तर विषाची परीक्षा मजुराच्या देहावर होण्याऐवजी कागदी पट्टीवर होऊ शकेल.