प्रतिज्ञा आहे, गोळी कुठाय?

बेवडा म्हटलं की आपली पोरंसुद्धा तोंड फिरवतात. सभेत दारूवर भाषण ठोकून टाळ्या घेणारेही त्यातलेच. मित्रांनो, शिव्या घालून आजवर कुणाची सुटलीय?

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपली आहे, त्यावर वाद नाही. पण सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हातांचा थरकाप थांबत नाही, त्यानं एकाएकी सोडली तर आकडी येते, भ्रम होतो, जीवही जातो. हा रोग आहे. रोग्याला उपदेश पाजून भागत नाही.

औषध आहे. मुंबईत डिसूझा डॉक्टरांनी 100 पुरुषांवर केलेली चाचणी 2004 साली छापून आली. काहींना डायसल्फिराम, काहींना नाल्ट्रेक्सोन, जोडीला गटात बसून बोलणं. वर्षानं डायसल्फिरामवाले 86 टक्के कोरडे राहिले, नाल्ट्रेक्सोनवाले 44 टक्के. अमेरिकेत 1383 जणांची चाचणी 2006 साली छापली गेली. नियमित तपासणीच्या जोडीला नाल्ट्रेक्सोननं गुण आला, समुपदेशनानंही आला. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचं काही पदरात पडलं नाही. म्हणजे दोन्ही नाहीत म्हणून हात वर करायची सोय कुणालाच नाही. एक तरी द्या!

पण मुंबईच्या चाचणीत घेतले ते घरचं माणूस सोबत येईल असेच. गोळी पोटात गेली की नाही हे घरच्यांनी बघायचं. मग गाव सोडून धक्क्यावर एकटा झोपणाऱ्या हमालाकडे कोण बघणार? आणि घर असलं तरी मार खाणाऱ्या बाईनंच नर्सही व्हायचं का?

भिंतीभिंतीवर जाहिरात असते, नकळत दारू सोडवा. त्या नादी लागू नका. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली तर माणूस दगावू शकतो. गोळी त्याला सांगून, डॉक्टरच्या नजरेखालीच.

गोव्यात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, व्यसन पुरतं न जडलेल्या 377 पुरुषांची चाचणी झाली, 2017 साली छापली. बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तरी फरक पडला. मग आपली मॅट्रिक झालेली पोरं हे का शिकू नयेत?

रामवाडीतल्या माणसाला गोळी आणि ऐकून घेणारा माणूस पायी जाण्याच्या अंतरावर पाहिजे, तेही पाळी सुटल्यावर, संध्याकाळी. मालवणीत 2015 साली विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, तेव्हा सरकार धावलं. मढी मोजायला धावणाऱ्यांना जिवंत माणसं मोजायला लावा. मोर्चा त्यासाठी काढा.