ट्रॉलीला तिची स्वतःची अर्थ वायर द्या

आंबिया बहाराची तोड तोंडावर आली आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या बागांतून संत्र्याच्या, शेतांतून कापसाच्या ट्रॉल्या भरून निघतील आणि त्यांतल्या कित्येक दिवस मावळल्यावर महामार्गाला लागतील. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक हे अंतर नऊ सेकंदांत कापतो. दिवा मिणमिणता असेल, तर ट्रकवाल्याच्या हाती तेवढेही सेकंद उरत नाहीत.

म्हणून आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांना कळकळीची विनंती आहे: ट्रॉली दुकानात आली की आधी बल्बला हात लावू नका, आधी अर्थ तपासा.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लॅम्प लुकलुकतो, ही तक्रार आपण रोज ऐकतो. बल्ब चांगलाच असतो. परतीची वाट बंद झाल्यामुळे करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. बहुतेक ट्रॉल्यांत ही परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरला जोडणारी पिन. तिच्यावर ग्रीस, गंज आणि रंगाचे थर. खड्ड्यात ती हलली की दिवे येतात-जातात. त्यात ट्रॉलीतून युरिया आणि शेणखतही वाहिले जाते. होल्डरमधले तांबे हिरवे पडते ते त्यामुळे.

नुसत्या मीटरवर फसू नका. लोड नसताना गंजलेला जोडही १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढू लागला की खरे रूप कळते. सगळे दिवे लावा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन दिव्याच्या अर्थला धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर मागून पुढे सरका: ट्रॉलीची चासी, पिनच्या मागची बाजू, मग पुढची. आकडा जिथे एकदम पडेल, तिथेच दोष. हे दोन मिनिटांचे काम आहे. बल्बला १२ऐवजी १० व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळजवळ निम्मा होतो, हे गिऱ्हाइकालाही सांगा.

इलाज एकच: सॉकेटच्या अर्थ पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी, किमान अडीच स्क्वेअरची वायर. सात पिनांच्या सॉकेटात ३ नंबरची पिन त्यासाठीच असते. पण आधीच्या कारागिरांनी जोडण्या बदललेल्या असू शकतात, तेव्हा रंगावर न जाता मीटरने खात्री करा. पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाळा काढत नाही. लग क्रिंप करा, वर हीट-श्रिंक चढवा. हायड्रॉलिक ट्रॉली उचलते तिथे वायर घासते, तिथे पाइप घालून थोडी ढील ठेवा.

होडी वाहणारे ट्रेलर पाण्यात उतरवण्यापूर्वी जाणते लोक दिव्यांचा प्लग काढतात, कारण तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो. ट्रॉली धुणाऱ्यांनाही ही सवय लावा.

बल्ब बदलून मिळणारे पैसे आजचे. अर्थ दुरुस्त करून मिळणारा विश्वास पुढच्या हंगामांचा. यंदा प्रत्येक ट्रॉलीच्या पावतीवर अर्थचा व्होल्टेज ड्रॉप दुरुस्तीआधी किती होता आणि नंतर किती राहिला, हे दोन्ही आकडे लिहून द्या. आपल्या कामाची तीच खरी हमी.