किंमत-गाइड म्हणजे जुन्या गाडीचा सातबारा नव्हे

नागपुरात एखादी जुनी कॉन्टेसा विकायला निघाली की घेणारा आधी मोबाइल काढतो आणि अ‍ॅपवरचा भाव दाखवतो. विकणारा त्याहून बराच मोठा आकडा सांगतो. मग खरा भाव कोणाचा? बहुतेक वेळा दोघांचाही नाही.

आकडा येतो कुठून?
अमेरिकेत मस्टँग, कॅमेरोसारख्या मसल कारचे जाहीर लिलाव होतात. अशा विक्रीच्या नोंदी पाहून आणि गाडीच्या अवस्थेचे चार दर्जे पाडून हॅगर्टीसारखी गाइड भाव देतात. आपल्याकडे असे व्यवहार बहुधा ओळखीतून होतात आणि शेवटचा आकडा बाहेर येत नाही. जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे.

नाव एक, गाड्या वेगळ्या
हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये आणलेल्या कॉन्टेसात आधी अ‍ॅम्बेसेडरचे १.५ लिटर इंजिन होते. पुढे इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले. दोन्हींना एकच भाव कसा लागेल? मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो, तर नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात डॅशबोर्ड आणि रबर तडकते. रबर बदलता येते. तळाचा पत्रा गंजला असेल, तर खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही.

कागद काय सांगतात?
इंजिन आणि चासी क्रमांक आरसीशी जुळले पाहिजेत. १५ वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण झालेले हवे. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांचे लागते. म्हणजे कॉन्टेसाला ही सोय २०३४ पूर्वी नाही.

विम्यात खरा फटका
पाच वर्षांवरील गाडीची आयडीव्ही मालक आणि विमा कंपनीने आपसात ठरवायची असते. कमी आकडा निमूट मान्य केला आणि उद्या गाडी चोरीला गेली, तर भरपाईही त्याच आकड्यावर अडते. म्हणून फोटो, दुरुस्तीची बिले आणि व्हॅल्युअरचा अहवाल आधीच जवळ हवा.

गाइड पाहावे, पण बोलणी सुरू करण्यापुरते. सौदा पक्का करावा तो गाडी लिफ्टवर चढवून, जाणत्या मिस्त्रीने खालून पाहिल्यावरच.