शस्त्रक्रिया विम्याची, झीज रुग्णाची

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा उदोउदो करणारे एक गोष्ट गिळतात: शस्त्रक्रिया काही तासांची, तिचे ओझे जन्माचे. जठराला वळसा देऊन आतडे जोडले की लोह, कॅल्शियम, ब-१२ यांचे शोषण घटते. गोळ्या वा इंजेक्शने आणि रक्ततपासण्या आजन्म मागे लागतात. हयगय झाल्यास रक्तक्षय, हाडांची झीज, प्रसंगी मज्जातंतूंना इजा. आणि विमा? नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी अटींत बसणाऱ्यास शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्याची वाट ठेवली. पुढची जीवनसत्त्वे, ती रुग्णालयीन दाव्याचा भाग नसल्यास, वगळण्याची कंपन्यांना मुभा दिली! कारखानदार यंत्राच्या झिजेपोटी घसारा वजा करून घेतो. माणसाच्या झिजेची तरतूद कोणत्या ताळेबंदात आहे? या गोळ्या व तपासण्या सार्वजनिक रुग्णालयांतून आजन्म मोफत मिळाव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी.